जॉरीचा कोपरा

थेल्मा ट्रेवेना आमच्या डेव्हनपोर्टची नव्हे. ती नदीपलीकडची, कॉर्नवॉलची, आणि हे ती कुणालाही पहिल्या पाच मिनिटांत ऐकवते. नौदलाच्या गोदीच्या फाटकासमोर तिचं पास्टीचं दुकान आहे. मी तिथे तिच्या हाताखाली इतकी वर्षं कणीक मळतेय की माझं लग्नसुद्धा एवढं टिकलं नाही.

पास्टी म्हणजे वीतभर करंजीच, आत मांस, बटाटा, कांदा. रोजच्या गिऱ्हाइकांच्या पास्टीवर थेल्मा एका टोकाला त्यांची आद्याक्षरं चिकटवते, तीही कणकेचीच. खायला सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करायची, म्हणजे अर्धी उरली तरी कुणाची ते कळतं. तिचा एकुलता एक जॉरी नौदलात लागला, तेव्हा तिने यात घरचा नियम घातला. निघायच्या दिवशी त्याने अर्धीच खायची. अक्षरांचा कोपरा फ्रीझरमध्ये राहणार, तो परत येऊन संपवायचा.

जहाज बाहेर पडताना डेव्हिल्स पॉइंटच्या खडकाला इतकं लगटून जातं की वरचे चेहरे ओळखू येतात. पोरं डेकवर ताठ उभी असतात, हात हलवायची सोय नाही. खडकावर थेल्मा लाल टेबलक्लॉथ फडकवत असते. पहिल्या खेपेला जॉरी सुतकी चेहऱ्याने निघून गेला, तर हिने फोनवर त्याला झाडलं. "मेल्या, हात बांधलेत, कळलं. तोंड कुणी शिवलंय? आई दिसली की हसायचं! तेवढं दिसलं की मला झोप लागते." पुढच्या खेपेपासून तो दात दाखवत जायला लागला आणि त्याबद्दल वरिष्ठांच्या शिव्या खायला लागला. थेल्मा म्हणायची, "खाऊ दे, शिव्यांनी पोट बिघडत नाही."

मग तो वाईट वसंत आला. आखातात दोन परके देश एकाच पाण्यावर हक्क सांगतात. तिथे जॉरी आणि त्याचे सोबती छोट्या बोटीतून एका जहाजाच्या तपासणीला गेले आणि त्यातल्या एका देशाच्या हाती सापडले. आमचं सरकार म्हणे, पोरं दुसऱ्या देशाच्या पाण्यात, परवानगीनेच होती. तिकडचं म्हणे, आमच्या पाण्यात घुसली होती. काही दिवसांनी जॉरी टीव्हीवर दिसला. हातात चहाचा कप, तोंडभर हसू. "आमचं चुकलं," तो म्हणाला, "माफ करा."

देश पेटला. रेडिओवर फोनमागून फोन, वर्तमानपत्रात त्या हसण्याचा पानभर फोटो. दुकानातही तेच. विल्फ हॉकिंग हा निवृत्त नौसैनिक, आमचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक, आवाज भोंग्यासारखा.

"बंदुका काय शोभेला दिल्या होत्या?" तो भर रांगेत म्हणाला.

"चारी बाजूंनी घेरलं होतं, विल्फ," मी म्हटलं.

"आणि पाणी कुणाचं ते अजून ठरलं नाही," मागून गोदीतली एक वेल्डर बाई म्हणाली. "त्याच्यासाठी पोरांनी जीव द्यायचा?"

"जीव नको द्यायला. माफीसुद्धा एक वेळ समजू शकतो. पण हसायचं कशाला? पाहुणा होता का तो? आमच्या वेळी..."

"तुमच्या वेळी तुमचं जहाज दुरुस्तीला पडलेलं होतं," थेल्मा म्हणाली. "तुम्ही लढलात ते स्वयंपाक्याशी."

रांग हसली. विल्फ हसला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने आपली पास्टी उलटसुलट करून पाहिली. दोन्ही टोकं कोरी.

"माझी अक्षरं?"

"संपली."

इतक्या वर्षांत थेल्माने कुणाचं नाव काढलं नव्हतं. म्हातारा पैसे ठेवून गेला, आणि मला त्याची दया आली. तो गेल्यावर थेल्मा लाकडी फळी घासायला लागली. बराच वेळ घासत राहिली.

"विल्फ म्हणाला ते मलाही वाटतं गं," ती म्हणाली. "हसायला नको होतं जॉरीने."

पोरं सुटली, विमानाने आली. खडकावर उभं राहून स्वागत करायची वेळच आली नाही. जॉरी घरी आला तो दुकानावरच्या माडीतच राहिला. थेल्माने कोपरा गरम करून वर नेला, तर म्हणाला, "नको आई. ज्याच्यासाठी ठेवलास तो मी नाही आता." तिने तो परत फ्रीझरमध्ये ठेवला.

एका सकाळी मात्र तो आपणहून खाली आला आणि माझ्याशेजारी बटाटे सोलायला बसला. थेल्मा त्याच्याकडे पाठ करून कणीक लाटत होती. लाटता लाटताच तिने विचारलं.

"जॉरी, हसलास का रे?"

त्याचा चाकू थांबला. तिने त्याला त्याचंच नाव विचारावं, तसा तो बघत राहिला.

"तूच सांगितलं होतंस ना," तो म्हणाला. "समोर कॅमेरा लावला. म्हटलं, आई बघत असणार. आज तरी झोपेल."

थेल्मा मैद्याच्या पोत्यावर बसली आणि मोठ्याने रडली, पिठाच्या हातांनी त्याचं डोकं धरून. मीही रडले, लाजायचं काय त्यात.

मग उठून तिने कोपरा भट्टीत सरकवला. जॉरीने तो उभ्या उभ्याच खाल्ला, जीभ पोळली तरी थांबला नाही. अक्षरं शेवटी खाल्ली. थेल्मा ते संपेपर्यंत बघत होती.

"विल्फची अक्षरं घाल आज," ती मला म्हणाली. "मलाही तेच वाटलं होतं, मग त्याला एकट्याला कशाला शिक्षा?"