काचा बंद गाडीत भाऊ

आमच्या मेहरूणच्या गल्लीतले हे भाऊ बायकोचं डायलिसिस घरीच करतात. तिच्या पोटातल्या नळीला औषधी पाण्याची पिशवी जोडायची, तर आधी पंखा बंद, मग तोंडाला मास्क. मी डोकावले, की ओरडतात, "अक्का, दार लाव! वारा येस ना!" जंतू आत गेला, तर जिवावर बेततं. वहिनींना मीठही बंद. मी तरुणपणी नवऱ्याला नुसती शिंक आली, तरी माहेरची पिशवी भरायचे, सेवा कसली!

यंदा वहिनी हटून बसल्या, "शेतातल्या भरीत पार्टीला मी येणारच." भाऊंचा चेहरा वांग्याआधी भाजला. पण निघाले. शेतात धूर नि धूळ, म्हणून बांधाला गाडी लावून त्यांनी काचा चढवल्या, पिशवी आतल्या हुकाला टांगली आणि गाडीतच सगळं उरकलं. आम्ही बाहेर ताटं धरून ताटकळलो.

काच खाली आली. वहिनींनी माझ्याच ताटातला पहिला घास घेतला नि नवऱ्याकडे रोखून पाहिलं.

"अहो, मीठ कोठे शे?"

भाऊ मास्कातूनच पुटपुटले, "तुले एकलीले अळणी कसं देऊ? बठ्ठासनं भरीत तसंच कराले मीच सांगं."

वहिनी हसता हसता रडायला लागल्या. ते अळणी भरीत मी दोनदा मागून घेतलं.