मागचं दार न उघडणारी आक्का

तुळशीची लग्नं लागली की ठाण्याजवळच्या कोपरीत आक्काच्या मागच्या दाराशी बैलगाड्या येऊन थांबू लागत. मुली दाखवायचे, मुलगे बघायचे दिवस ते. घरात एखादं खुळं पोर असलं की पाहुण्यांच्या दृष्टीला पडायला नको, म्हणून भली भली माणसं ते पोर घोंगडीखाली घालून ठाण्याला आणीत आणि मागच्या दाराची कडी हळूच वाजवीत. आक्का आतून ओरडे, "हे दार मी उघडत नाही. पुढून या, ओट्यावर बसा, आणि कुणाचं पोर आहे ते चार माणसांत सांगा. मग घेते." काही जण गाडी वळवून निघून जात. काही शरमेने पुढच्या दारी येत. आक्का त्यांना चांगलं तासभर उन्हात ओट्यावर बसवून ठेवी. सगळ्या कोपरीने बघून घेतलं की मग पोराला आत घेई.

आता तिला देवी म्हणतात. ठाण्यात हल्ली जो तो सांगतो, आक्का म्हणजे दयेची मूर्ती! डोंबलाची मूर्ती. हीच माणसं तिच्या अंगणात शेण फेकीत होती, वेड्यांचा वारा नको म्हणून तिच्या विहिरीवर पाय ठेवीत नव्हती. आणि दया तर त्या बाईच्या आसपाससुद्धा फिरकत नसे. कुणी बाई येऊन पोरांकडे बघत "अरेरे" म्हणाली की आक्का म्हणे, "अरेरे करायचं असेल तर ओट्याखाली उतरून करा. इथे कामं पडली आहेत." मी तिला तोंडावर 'तुम्ही' म्हणत असे आणि मनात 'ती'. आज ती नाही, तेव्हा 'ती'च लिहिते.

तिचा स्वतःचा मुलगा तसाच होता. त्याला बोलता येत नसे. ऐन पंचविशीत तो गेला आणि विधवा आक्काने नवऱ्याच्या मागे राहिलेलं कोपरीचं घर असल्या पोरांसाठी मोकळं केलं. त्यातला दाजी हा तिचा सगळ्यात जुना. ठाण्याच्या एका बड्या वकिलाचा, भाऊसाहेबांचा, थोरला मुलगा. अंगापिंडाने थोराड, मिसरूड फुटलेला, पण समज चार वर्षांच्या पोराएवढी. अळूच्या वाफ्याला पाणी घालावं, कोवळी पानं गालाला लावून बघावीत, यात त्याचा दिवस जाई. ताशा वाजला की मात्र तो घामाने निथळे आणि कानांवर हात घेऊन कोपऱ्यात बसे.

या दाजीशी माझं लग्न ठरलं होतं.

आम्ही कल्याणचे. वडील भिक्षुकी करीत. आई नव्हती. मी परकर नेसत होते. भाऊसाहेबांना धाकट्या मुलासाठी मोठ्या घरची मुलगी सांगून आली होती, पण थोरला बिनलग्नाचा असताना धाकट्याने बोहल्यावर चढणं म्हणजे दोष. मग थोरल्याचं उरकून टाका! मुलगी कुठली, तर गरिबाची. तिथे कोण विचारतंय? वडिलांना सांगितलं, "मुलगा जरा भोळा आहे. लग्न झालं की ताळ्यावर येईल." वडिलांनी ते खरं मानलं, की मानायचं ठरवलं, देव जाणे. आमच्या लोकांत हे एक औषधच होतं. पोर खुळं असेल तर त्याच्या गळ्यात कुणाची तरी पोर बांधा.

आक्काला यातलं काही ठाऊक नव्हतं. आईला बघावंसं वाटतंय असं सांगून भाऊसाहेबांनी दाजीला तिच्या घरून नेलं आणि थेट कल्याणला जानवसघरात आणून बसवलं.

मला त्या दिवसाचं सगळं आठवतं. अंतरपाट धरला होता. मी हातात माळ घेऊन उभी. अंतरपाटाखालून मला नवऱ्या मुलाचे पाय दिसत होते आणि ते थरथर कापत होते. बाहेर ताशे तडतडत होते. मंगलाष्टकांचं दुसरं कडवं चाललं असेल, तोच बायकांत एकच कालवा झाला. लाल आलवणातली, केशवपन केलेली एक उंच बाई सरळ मांडवात शिरली होती. लग्नाची कुणकुण लागताच ठाण्याहून आगगाडीने निघून स्टेशनापासून चालत आली होती. शुभकार्यात विधवा! बायकांनी तोंडं फिरवली. कुणी ओरडलं, "अहो, हिला आवरा!"

"हात तर लावून बघा," आक्का म्हणाली. "भाऊसाहेब, आधी ते ताशे थांबवा."

ताशेवाले आपणहूनच थांबले.

"धाकट्याच्या आड थोरला येतो, म्हणून हा घाट ना? थोरला जन्माचा जडबुद्धी असला तर धाकट्याला दोष लागत नाही, असं शास्त्र आहे. विचारा गुरुजींना. तुम्ही फक्त उघड म्हणायचं, 'माझा थोरला जन्मापासून असा आहे.' म्हणा!"

भाऊसाहेब घाम पुसू लागले. गुरुजी हातातल्या अक्षता बघत राहिले.

"नाही म्हणवत? मग मी म्हणते. मंडळी, ऐका. हा दाजी. हा जन्मापासून असाच आहे. लग्नाने याला अक्कल येणार नाही. हा माझ्या घरी सुखात आहे, आणि मी याला घेऊन चालले."

तिने अंतरपाट बाजूला सारला, दाजीच्या मुंडावळ्या सोडून पाटावर ठेवल्या आणि त्याचा हात धरला. तो लहान मुलासारखा तिला चिकटला. दोघं निघून गेली. मी तिथेच माळ घेऊन उभी होते, तिच्यापासून हातभर अंतरावर. तिने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

पुढे काय झालं ते ठाण्यातल्या या आक्काभक्तांना माहीत नसतं. हळद लागलेली मुलगी तशीच उठवली तर तिला पुन्हा कोण करणार? "मुहूर्त टळू देऊ नका," म्हणून म्हातारे ओरडू लागले. पंगतीला खडवलीचे एक बिजवर बसले होते, माझ्या वडिलांहून वयाने मोठे. त्यांना उठवून पाटावर उभं केलं. त्याच अक्षता, तीच माळ. चार-पाच वर्षांत ते वारले आणि न्हाव्याने माझं डोकं भादरलं. भाऊसाहेबांच्या धाकट्याचं लग्न पुढच्या वैशाखात थाटात झालं. म्हणजे कुणाचं काही अडलं नाही.

वडील गेले तेव्हा सासरच्यांनीही हात झटकले. कोपरीहून निरोप आला, "घरात हात कमी आहेत. यायचं तर ये." मी गेले. कशाला खोटं बोलू, सूड म्हणून गेले. म्हटलं, हिला रोज सकाळी उठून माझं हे बोडकं डोकं बघायला लावीन.

पण ती बघे आणि म्हणे, "कल्याणकरीण, पाणी तापलं का?"

दाजीला धोतर नेसायला शिकवण्यात तिने किती महिने घालवले असतील! त्याने चुकीची निरी घातली की ती सगळं सोडी आणि "पुन्हा" म्हणे. तो रडे. मी एकदा मध्ये पडले, म्हटलं, "मी नेसवते ना." तर माझ्यावरच उसळली, "आज तू नेसवशील, उद्या दुसरं कोणी फेडेल. त्याचं त्याला येऊ दे." शेवटी त्याला आलं, आणि त्या दिवशी तो धोतर दाखवत कोपरीभर हिंडला. बाई कामाला चोख होती, ते मी नाकारत नाही. माझं भांडण निराळं होतं.

एका दुपारी अळूची देठी सोलता सोलता मी विचारलंच. "आक्का, त्या दिवशी मांडवात तुम्ही माझा काय विचार केला होता?"

"तुझा विचार केलाच नव्हता," ती म्हणाली. हातसुद्धा थांबला नाही. "दाजीला ताशाचा धसका बसतो. मी त्याला आणायला आले होते. तुझ्यासाठी तुझा बाप होता."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाप दोषी होता, कबूल. पण बापाला जीभ नव्हती, हिला होती. एवढ्या माणसांत जी बाई ठणकावून बोलली, तिला आणखी एक वाक्य जड होतं का? 'या पोरीला आज कुणाच्याही गळ्यात बांधू नका.' बस्स. त्या मांडवात ते फक्त तीच म्हणू शकली असती. तिने एकदा 'चुकलं' म्हणावं, एवढ्यासाठी मी त्या घरात वर्षानुवर्षं राबले. भांडले, अबोला धरला, टोमणे मारले. ती दाद देईना.

मग ती तापाने पडली. वैद्याने मान हलवली. मी उशाशी बसून तिच्या तोंडात पेज घालत होते. आता नाही तर कधीच नाही, असं वाटलं. म्हटलं, "आक्का, एकदा चुकलं म्हणा."

तिने पेजेचं भांडं हाताने बाजूला सारलं.

"दाजीच्या बाबतीत नाही चुकलं," ती म्हणाली. मग धाप लागली. मी पाणी दिलं. "तुझ्या बाबतीत चुकलं. अंतरपाट सारला तेव्हा तू दिसली होतीस मला. एवढीशी होतीस. दोघांना ओढून नेण्याची ताकद नव्हती माझ्यात, म्हणून बघितलं नाही असं केलं." मग म्हणाली, "चुकलं म्हटल्याने काय उपयोग झाला तुला?"

काहीएक झाला नाही. शब्द मिळाला की राग उतरेल असं वाटलं होतं, तो दुप्पट झाला. दिसले होते मी तिला! मी भांडं आपटून उठले आणि चुलीपाशी जाऊन ढसाढसा रडले. तिच्यासाठी रडले की माझ्यासाठी, मला आजही सांगता येत नाही. परत आले तेव्हा ती संपली होती.

दाजी दारात उभा होता. धोतर नीट नेसलेलं, हात मातीने भरलेले.

"आक्का?" त्याने विचारलं.

"गेल्या."

त्याचे पाय थरथरायला लागले होते.

"तू?"

"मी आहे, मेल्या," मी म्हटलं. "मी कुठे जाते?"