विझणारा उजेड

शहाद्याच्या एसटी स्टँडसमोर इलेक्ट्रिकचं एक दुकान आहे. सुकलाल तिथं बॅटरी घ्यायला गेला की दुकानदार कपाळाला हात लावतो. टॉर्चला आमच्याकडे बॅटरीच म्हणतात. आतले ते सेल.

"सुकलालभाऊ, दहा काढी दिन्यात. आते काय चाखी देखशी का?"

सुकलाल खरंच चाखून बघतो. बॅटरी दातांत धरतो, मान खाली घालतो, वर करतो. विहिरीत उतरून पाणी उपसायच्या बुडालेल्या मोटारी काढायच्या, पाइपाच्या तळाच्या फुटवॉलचा गाळ साफ करायचा, हे त्याचं काम. दोन्ही हात दोराला गुंतलेले. उजेड धरायला दातच उरतात. जाड बॅटरीनं जबडा आंबतो, गुळगुळीत असली तर लाळेनं निसटते. मग तो मागचं बूच फिरवतो. जी उघडत नाही ती परत.

"जिनं पोट उघडत नही, तिले बरी कशी करसू?"

एकदा दाबलं की लागावी, पुन्हा दाबलं की विझावी, याच्यापेक्षा जास्त अक्कल तिला नको. दुसऱ्या दाबाला मंद आणि तिसऱ्याला लुकलुक करणाऱ्या बॅटऱ्या तो लांबूनच ओळखतो. माणूस विहिरीच्या पोटात लोंबकळत असताना उजेड नाचायला लागला, तर तो बंद करायला तिसरा हात आणायचा कुठून?

या खेपेला बॅटरी हेमराजसाठी होती. हेमराज म्हणजे सुकलालचा मोठा भाऊ भटू, त्याचा मुलगा. हेमराज शाळेत होता तेव्हाच भटू एका विहिरीत गेला. हेमराज मोटारी दुरुस्त करायला शिकला, हात चांगला बसला, आणि आता त्याला खाली उतरायचं होतं. त्याची आई शांतीबाई वर्षभर नाही म्हणाली. मग एक दिवस भाकरी थापता थापता, मान वर न करता दिराला म्हणाली, "तुमना भरोसावर सोडस, भाऊ. जसा लई जाशात, तसाच लई या."

दुकानात हेमराजचा डोळा भल्या मोठ्या काचेच्या बॅटरीवर होता. "काका, ही देख. आख्खं वावर दिसी."

"वावर कोनले देखनं शे? तुले हातभर गाळ देखना शे."

घेतली ती बोटाएवढी, ॲल्युमिनियमची, एका सेलवर चालणारी. घरी येऊन सुकलालनं तिच्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला, म्हणजे दात धरतील. जुन्या ब्रशनं बुचाचे आटे झाडले. रबरी रिंगला व्हॅसलीनचं बोट लावलं, कारण पाणी शिरतं ते तिथूनच. काम नसेल तेव्हा सेल बाहेर काढून ठेवायचा, हे त्यानं दोनदा सांगितलं. आत राहिला की त्याला पांढरं फुटतं आणि ते स्प्रिंग खाऊन टाकतं. स्प्रिंग हिरवट दिसली तर पॉलिश पेपर, आणि तोही त्याच दिवशी.

मग त्यानं आपल्या पिशवीतून डबडं काढून बॅटरीशेजारी ठेवलं. पत्र्याचा तेलाचा डबा. एक बाजू कापलेली, तळाला भोकं, आत मेणबत्तीचं थोटूक, वर तारेची कडी.

हेमराज हसला. "काका, एवढी भारी बॅटरी लिधी ना? मंग हाई भंगार कसाले?"

"ऱ्हाऊ दे."

कारण त्यानं सांगितलं नाही. भटू गॅसनं गेला, एवढंच घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या पुढचं कोणी विचारलं नव्हतं, आणि सुकलालनं आपणहून काढलं नव्हतं.

पहिलं काम कळसाडीला निघालं, हेमकांतबापूंच्या जुन्या विहिरीवर. बोअरला पाणी लागलं तेव्हा बापूंनी विहीर टाकून दिली होती. उसाचं पाचट, केळीचे खांब, जे पडेल ते तिच्यात पडत गेलं. आता बोअर आटली आणि बापूंना विहिरीची आठवण झाली. तळाशी बुडालेली मोटार आधी काढायची होती.

सकाळचं ऊन कठड्यावरच होतं, आत अंधार. हेमराजनं बॅटरी लावली आणि सुतळीला बांधून सोडली. कुजलेल्या पाचटाचा काळा थर, मोटारीचा पाइप, भिंतीतून लोंबणारं पिंपळाचं मूळ, एकेक करून सगळं उजळत गेलं.

"आरसासारखं दिसस, काका!"

"चला मंग," बापू म्हणाले. "दुपारलगून मोटार वर येवाले जोयजे."

हेमराजनं सुतळी कठड्याच्या दगडाला अडकवली आणि कमरेला दोर बांधला.

"थांब," सुकलाल म्हणाला. त्यानं डबड्यातली मेणबत्ती पेटवली आणि डबडं बॅटरीच्या शेजारून खाली सोडलं.

बापूंना हसू आलं. "सुकलाल, देऊळमा दिवा लावाले उना का रे?"

सुकलाल दोर हळूहळू सोडत राहिला. दोन पुरुष, म्हणजे दोन माणसांच्या उंचीइतक्या खोलीपर्यंत ज्योत सरळ होती. तिसऱ्या पुरुषाला ती आखडली, निळसर झाली आणि गेली. फुंकर मारल्यासारखी नाही, पाण्यात बुडवल्यासारखी. शेजारच्या सुतळीला बॅटरी तशीच लखलखत होती.

"दोरले झटका बसना," हेमराज म्हणाला.

सुकलालनं डबडं वर घेतलं, पुन्हा पेटवलं, पुन्हा सोडलं. ज्योत त्याच जागी गेली.

"काका, खाल सगळं दिसी ऱ्हायनं. पाच मिनिटनं काम शे. दोर तुन्हा हातमा शे." हेमराजचा एक पाय कठड्याच्या आत गेला होता.

सुकलालनं त्याच्या कमरेपाशी दोर मुठीत आवळला. "तुन्हा बापनी बी हाईच सांगं व्हतं."

हेमराज थांबला.

भटू गेला त्या साली रेशनचं रॉकेल बंद झालं होतं. त्याआधी दोघे भाऊ पेटता कंदील खाली सोडल्याशिवाय कधी उतरले नव्हते. कंदील कोरडा पडला आणि भटूनं नवी एलईडी बॅटरी आणली. कंदिलापेक्षा दसपट उजेड. दोघांनी ती सुतळीला बांधून सोडली, दोघांना तळ दिसला. मग भटू ती तोंडात धरून उतरला. थोडा खाली जातो न जातो तोच दोराला एकदम ओझं आलं. त्यानं हाक मारली नाही, हातानं खूणही केली नाही. तोंडातून बॅटरी तेवढी सुटून पाण्यात पडली.

"आम्ही त्याले वर काढा, घर लई गऊत," सुकलाल म्हणाला. "ती पानीमा चालूच व्हती. दुसरा दिन लोके सांगेत, इहिरमा आजून उजेड दिसस." दोर त्यानं अजून सोडला नव्हता. "बॅटरीले हवा लागत नही, हेमराज. आपले लागस."

हेमराजनं पाय बाहेर घेतला. बापूंनी टोपी काढून हातात धरली होती.

मग आतला गॅस बाहेर पडावा म्हणून लिंबाचा मोठा डहाळा दोराला बांधून विहिरीत वर-खाली घुसळला. बादल्यांनी पाणी मारलं. डबडं सोडलं; ज्योत आधीपेक्षा एक पुरुष खाली जाऊन विझली. पुन्हा डहाळा, पुन्हा पाणी. दुपार टळली तरी तळापर्यंत ज्योत काही टिकली नाही.

"आज नही," सुकलाल म्हणाला. "पाचट कुजी ऱ्हायनं तठे. आठवडाभर डहाळा मारा, मंग देखसूत."

"आठवडाभर? मन्ही केळी सुकी जाई. मी दुसरा मानूस बलावस."

"बलावा, बापू. पन त्याले आधी हाई सोडाले लावा."

डबडं त्यानं कठड्यावर ठेवलं, मेणबत्तीचं अख्खं पाकीट शेजारी, आणि दोर गुंडाळला. बापू डबड्याकडे बघत राहिले.

मोटारसायकलवर हेमराज गावापर्यंत बॅटरी मुठीत धरून मागे बसला होता.

शांतीबाई दारातच उभी होती. तिनं आधी पोराला वरून खाली बघितलं, मग विचारलं, "मोटार निंघनी का?"

"नही."

"बरं."

हेमराजनं बॅटरीतला सेल काढून फळीवर ठेवला. मग म्हणाला, "माय, पत्रानं एखादं डबडं शे का?"

शांतीबाईनं दिराकडे बघितलं. सुकलाल जमिनीकडे बघत होता. ती आत गेली, तिखटाचा डबा परातीत रिकामा केला आणि पोराच्या हातात दिला.

हेमराज ओट्यावर बसून खिळ्यानं तळाला भोकं पाडू लागला. प्रत्येक ठोक्याला तिखटाचा भपका उठत होता. तिघांनाही ठसका लागला. डोळे पुसत तिघं तिथंच बसून राहिले, आणि शेवटचं भोक पडेपर्यंत कोणी उठलं नाही.