वॉकरने फोडलेला पोळा

यंदा आमच्या गावचा पोळा बैलाने नव्हे, ॲल्युमिनियमच्या वॉकरने फोडला आणि त्याचं खापर माझ्या डोक्यावर फुटलं.

वॉकर माझ्या मुलीचा. ईश्वरी सहा वर्षांची आहे. जन्मापासून तिच्या पायांचे स्नायू ताठ आहेत. जीभ मात्र भलतीच सैल आहे. गुडघ्याखालपर्यंत प्लास्टिकचे स्प्लिंट, त्यावर बूट आणि हातात वॉकर एवढा सरंजाम केला की ती चालते. हा सरंजाम चढवेपर्यंत शेजारणीचा स्वयंपाक होऊन धुणंही वाळत पडलेलं असतं. आणि शेवटचा पट्टा आवळला की ईश्वरी म्हणते, "शू!" की सगळं काढा आणि पुन्हा पहिल्यापासून. (हा योगायोग नाही याची मला खात्री आहे.) मी चव्वेचाळीस वर्षांची आहे. माझी कंबर सत्तरीची आहे.

आमचं गाव कोल्हारच्या अलीकडे. तिथून एसटीने आम्ही नगरला थेरपीच्या मॅडमकडे जातो. (पाटीवर अहिल्यानगर लिहिलेलं असतं, कंडक्टर 'नगर, नगर' ओरडतो, आम्ही दोन्हीकडे पोचतो.) मॅडमचा नियम एकच: उचलायचं नाही. तिचं तिला करू द्या.

हा नियम मी गावात जमावबंदीसारखा लागू केला. कारण आमच्या गावात लहान मूल धडपडताना दिसलं की प्रत्येकीचे हात शिवशिवतात. "अगं बया, लेकराला कशाला वनवास! दे इकडं!" म्हणत कोणीतरी ईश्वरीला कडेवर घेणार आणि मी चुलीपासून, नळापासून, कुठूनही ओरडणार, "ठेवा खाली!" इतक्यांदा ओरडले, की बायका मला माघारी 'ठेवाखाली' म्हणतात. "आज ठेवाखाली दिसली न्हाई गं गिरणीत." मला सगळं कळतं.

आता बैलांकडे येऊ. आमच्याकडे बैल नाहीत. ट्रॅक्टर आल्यावर आमच्या यांनी शेवटची जोडी विकली, तेव्हापासून माझे सासरे, म्हणजे आप्पा, पोळ्याच्या दिवशी ट्रॅक्टरला नारळ फोडतात आणि दिवसभर कोणाशी बोलत नाहीत. यंदा पोळ्याच्या दोन दिवस आधी ईश्वरी त्यांच्याशेजारी ओट्यावर बसून म्हणाली, "आप्पा, माझ्या वॉकरला शिंगं लावा की. मी त्याला मिरवनुकीत नेते."

आप्पांचा चेहरा असा उजळला की मला तिथेच धोका कळायला हवा होता.

"आई, पन मी माझ्या पायानं जानार," ईश्वरीने मला बजावलं. "वेशीपासून मारुतीपत्तुर. कुनी उचलायचं न्हाई."

"नाही उचलणार कोणी."

"तू पन न्हाई. शपथ घे."

मी शपथ घेतली. हातात पोळपाट होता, सुटका करून घ्यायची होती. पण तिचं बरोबर होतं. गेल्या वर्षी ती निघाली होती आणि चार पावलांत मीच तिला काखेत मारून घरी आणलं होतं, कारण पुरण करपत होतं. तेव्हा ती रडली नव्हती. दोन दिवस बोलली नव्हती. तो अबोला मला परवडणारा नव्हता, कारण ईश्वरी न बोलता पाय ताणून घेते तेव्हा ते जास्त ताठ होतात.

आदल्या दिवशी खांदेमळणी. बैलांच्या जू ओढून दमलेल्या खांद्यांना या दिवशी तूप-हळद चोळतात आणि कानात सांगतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." मी रानातून आले तर ओट्यावर आप्पा वॉकरच्या दांड्यांना तूप-हळद चोळत होते आणि ईश्वरी वॉकरच्या रबरी मुठीत तोंड घालून आवतण देत होती.

"आप्पा! अहो, तिने धरायचं कुठे? हात सटकेल ना!"

"सुनीता, रीत ती रीत. त्याचं बी खांदं दुखत आसत्याल."

माझे खांदे कोणाला दिसत नव्हते. असो. मी धुण्याच्या पावडरने वॉकर घासून घेतला. जे दिसलं ते धुतलं. जे दिसलं नाही ते असं, की आप्पांनी चाकांनाही हात घातला होता. मॅडमनी मागच्या चाकांचे नट मुद्दाम आवळून दिले होते, वॉकर पुढे पळू नये म्हणून. आप्पांना वाटलं, चाक जाम झालंय, पोरीला ओढायला जड जातंय. त्यांनी नट ढिले केले आणि ट्रॅक्टरचं ग्रीस भरलं. प्रेमाने. भरपूर.

पोळ्याच्या दिवशी वॉकर ओळखू येईना. पुढे लाकडाची शिंगं, त्यांना हिंगूळ, टोकांना गोंडे, मध्ये बाशिंग, दोन्ही बाजूंना घुंगरमाळा. वर झूल. झूल ओळखीची वाटली. काठ तर फारच ओळखीचा वाटला.

"आप्पा, ही माझी जांभळी साडी?"

"जुनी हुती ना?"

"दोनदा नेसले होते!"

"मंग जुनीच की," आप्पा म्हणाले.

वेशीबाहेर सगळे बैल जमले होते. वेशीला आंब्याच्या पानांचं तोरण, पलीकडे लगेच मारुतीचा पार. मानाचा बैल तोरणाखालून गेला, हलगी वाजली, की पोळा फुटला. मग बाकीचे सगळे. आता मानाचा बैल कोणता, यावर नाना आणि तात्या या दोन चुलतभावांचं दरवर्षी वाजतं. दोघे आपापला बैल धरून तोंडाशी तोंड लावून उभे होते.

"तात्या, बैल मागं घे. आमच्या आज्यापासून आमी पुढं हाय."

"तुमचा आजा पुढं हुता, कारन आमचा आजा तवा तापानं फनफनला हुता!"

"मंग बरा झाल्यावर का न्हाई आला?"

"आरं, बरा झाला तवर पोळा संपला हुता!"

गाव शांतपणे शेंगा खात ऐकत होतं. ईश्वरी वॉकर धरून उभी होती. एका जागी उभं राहणं तिला चालण्यापेक्षा कठीण जातं. तिचे गुडघे थरथरायला लागले होते.

"आई, हे कवा संपनार?"

"पोळा सुरू झाला की."

"आन पोळा कवा सुरू हुनार?"

"हे संपलं की."

तिने नाना-तात्यांकडे असं बघितलं की मला त्यांची दया आली. मी हळूच विचारलं, "घेऊ का गं?"

"न्हाई! शपथ हाय."

मी दोन्ही हात पाठीमागे धरले. माझे हात माझे नाहीत, ते परस्पर तिच्या काखेत जातात. आमचे हे मागे ट्रॅक्टरवर बसून मोबाईलवर मिरवणुकीचा व्हिडिओ काढत होते, म्हणजे तिकडून मदतीची आशा नव्हती. वॉकरला आप्पांनी धरून ठेवलं होतं. आणि त्याच वेळी वॉकरचं बाशिंग कलंडलं. ते सरळ करायला आप्पांनी हात सोडला.

वेशीकडे जरासा उतार आहे. मला तो तोपर्यंत कधी जाणवलाच नव्हता. ट्रॅक्टरच्या ग्रीसला लगेच जाणवला.

घुंगरं छनछन वाजली आणि वॉकर निघाला. त्याच्यामागे ईश्वरी, "सुटलाऽऽ!" अशी ओरडत. घाबरून नव्हे, बैल सुटल्यावर आप्पा ओरडतात तशी, ऐटीत!

शपथ गेली खड्ड्यात. मी झेप घेतली. झेप उत्तम होती, पण नानांच्या बैलाने मिरवणुकीची वाट न बघता शेण टाकून ठेवलं होतं आणि माझा उजवा पाय नेमका त्यात पडला. आधाराला हाताला लागली ती बैलाची झूल. ती माझ्याबरोबर आली. बैल तेवढा आला नाही. त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्या डोळ्यांत राग नव्हता, कीव होती. मग मी आडवी झाले.

"वहिनी पडल्या!"

"आरं, उचला, उचला!"

भांडण टाकून नाना आणि तात्या धावले. एकाने एक दंड धरला, दुसऱ्याने दुसरा. कित्येक वर्षांत दोघांनी मिळून उचललेली पहिली वस्तू मी. शिवाय चार बायका, दोन बापे आणि शेंगावालासुद्धा. सगळं गाव माझ्याभोवती! मला लागलं होतं, पण मला दिसत होतं ते एवढंच, की माझ्याभोवतीच्या धोतरांपलीकडे काहीच दिसत नाही. पोरगी कुठे आहे? पडली का? मी जिवाच्या आकांताने ओरडले. पण तोंडातून आलं ते सवयीचंच.

"ठेवा खाली!"

गाव मला ओळखून आहे. त्यांनी तत्काळ ठेवलं. सोडूनच दिलं म्हणा ना. त्याच शेणात.

तेवढ्यात वेशीपलीकडे हलगी कडाडली. सगळे वळले. धोतरांची भिंत फुटली आणि मला बसल्या जागेवरून दिसलं: मारुतीच्या पाराला वॉकरची शिंगं टेकलेली, जांभळी झूल वाऱ्यावर उडतेय आणि ईश्वरी दोन पायांवर उभी. अखंड. पाराला हात लावून पाया पडतेय.

"पोळा फुटला?" नाना किंचाळले. "किसन, हलगी का वाजवली रं?"

हलगीवाले किसनमामा शांतपणे म्हणाले, "तोरनाखालून शिंगं आली, म्या वाजवली."

"कुनाची शिंगं?"

"आप्पांची."

"आप्पांना बैल हाय कुठं?"

"ते मला म्हाईत न्हाई. शिंगं हुती, झूल हुती, घुंगरं हुती. मी काय शेपूट बघत बसू?"

नाना आणि तात्या एकमेकांकडे बघत राहिले. मान दोघांचाही गेला होता, म्हणजे कोणाचाच गेला नव्हता. मग तात्या म्हणाले, "ठीक हाय. पोरीचा पहिला. पन दुसरा आमचा." आणि नानांनी पुन्हा आज्याला बाहेर काढलं. मी यांच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पडून घरी आले तेव्हा ते आज्यावरच होते. जाताना एकजण मात्र मला ऐकू जाईल असं म्हणाला, "ठेवाखालीमुळं झालं समदं. बैलाची झूल वढायची अस्ती व्हय?"

घोटा भोपळ्याएवढा सुजला होता. मला ओट्याच्या खालच्या पायरीवर बसवून आमचे हे मोबाईल घेऊन आले. आवाजात सहानुभूती होती, खांदे हसण्याने हलत होते.

"अगं, तू गावाच्या ग्रुपवर गेलीस."

"कोणी टाकलं?"

ते मोबाईलची काच पुसायला लागले. त्यावरून कळलं.

मी तो व्हिडिओ बघितला. माझी झेप, शेण, झूल, बैलाची कीव, उचलणं, ठेवणं. दुसऱ्यांदा बघितला तेव्हा माझ्याऐवजी कोपऱ्यात बघितलं. कोपऱ्यात वॉकर उतारावरून घरंगळतोय. ईश्वरी ओढली जातेय. आणि मग, कोणी सांगितलं नसताना, ती दोन्ही टाचा मातीत रोवते. वॉकर थांबतो. ती मागे वळून बघते. कोणीच येत नाहीये. सगळं गाव मला उचलतंय. ती पुन्हा पुढे बघते, वॉकर सरकवते, पाय टाकते. सरकवते, पाय टाकते. घाई नाही, काही नाही. अशी ती तोरणाखालून निघून जाते.

म्हणजे ती घरंगळत गेलीच नव्हती. चालत गेली होती. नगरला मॅडम कधीपासून "थांब आणि मग चाल" शिकवत होत्या, ते पोरीने केलं आणि तिची आई त्या वेळी शेणात तोंड घालून होती! मी व्हिडिओ परत लावला. "पुरे की आता स्वतःचं कौतुक," हे म्हणाले. मी कोपऱ्यातच बघत होते.

आप्पा वाटी घेऊन आले. "सुनीता, कालचं तूप-हळद उरलंय. पाय पुढं कर." माझीही खांदेमळणी अखेर झाली, एक दिवस उशिरा आणि घोट्याला.

मग प्रश्न आला आत जायचा. चार पायऱ्या. हे आणि शेजारची मंदा मला दोन्हीकडून धरायला वाकले, तोच उंबऱ्यातून घुंगरं वाजली. ईश्वरी शिंगं लावलेला वॉकर घेऊन उभी होती.

"बाबा! उचलायचं न्हाई तिला! तिची तिला येऊ दे!"

दोघेही आज्ञाधारकपणे बाजूला झाले. आप्पासुद्धा. या घरात नियम कोणी आणला, हे सगळ्यांना माहीत होतं.

"आधी टाच टेकव," ईश्वरी म्हणाली. "घाई करू नगं. आन रडायचं न्हाई, मी हाय ना हितं."

मी टाच टेकवली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. पहिल्या पायरीवर बसून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, थेरपीच्या सगळ्या नियमांची लाज सोडून मी ओरडले, "अहो, मेली ती शिस्त! उचला मला!"

पलीकडच्या ओसरीवरून कोणीतरी लगेच विचारलं, "वहिनी, नक्की ना? न्हाईतर पुन्हा म्हनाल, ठेवा खाली!"