आत्याच्या यजमानांचं सोंग

आमच्या घरातला सगळ्यांत देखणा नाच बाबांचा. फुलसावंगीजवळच्या आमच्या गावात नाच-गाण्यांची, सोंगांची दंडार व्हायची आणि तिच्यात बायांची कामं पुरुषच करत. बाबा कपाशीच्या शेतातून यायचे, अंग धुवायचे, लुगडं नेसायचे आणि मांडवात अशा चालीनं उतरायचे की बायाच एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. दंडारीत एक सोंग गावातल्याच कुणाचं तरी निघायचं. त्याचा कायदा असा, की ज्याचं सोंग त्यानं मुकाट बसून राहायचं. उठला, तर सोंग खरं ठरलं.

हा नाच बंद पाडला तो आत्याच्या यजमानांनी. उमरखेडच्या कचेरीतले बाबू, शब्दाला वजन. मला बघायला वणीहून पाहुणे आले होते, ते स्थळही त्यांनीच आणलेलं. चहा-पोहे झाले आणि आत्याच्या यजमानांना चेव आला. खांद्यावरचा दुपट्टा डोक्यावरून ओढून, कंबर हलवत ते ओसरीभर चालले आणि म्हणाले, "पोरीचा बाप असा नाचते." पाहुणे हसले. बाबाही हसले, पाहुण्यांसाठी. ते स्थळ मोडलं त्याचं मला काडीचं दुःख नाही. पण बाबांनी घुंगरं पोत्यात बांधून माळ्यावर टाकली, ते मी विसरले नाही. लोक म्हणतात, सोडून द्यावं. मी सोडणाऱ्यातली नाही.

पुढे यवतमाळला नोकरीच्या जोडीनं मी नृत्यनाट्य करणाऱ्या एका गटात गेले. आपण कोण, कुठले, हे ज्यानं त्यानं आपल्या अंगातून शोधायचं, असं तिथले सर म्हणाले. बाकीच्यांनी आजी शोधली, नदी शोधली. मी आत्याच्या यजमानांना शोधलं. दंडारीचा बाज घेतला, सोंगाचा कायदा सुरुवातीलाच मोठ्यानं सांगायचं ठरवलं आणि पँट चढवून त्यांचं सोंग बसवलं.

पहिला प्रयोग आमच्याच गावात केला. यजमान पुढच्या खुर्चीत. मी त्यांच्यासारखी पट्टा वर ओढत चालले, त्यांच्यासारखी खाकरले. गाव हसलं आणि सगळ्यांत जोरात हसले ते स्वतः. नंतर मला म्हणाले, आमच्या सायबाची हुबेहूब नक्कल केलीस. मी घरी येऊन रागानं भांडी आदळली.

बाबा अंगणात बसले होते. त्यांनी मला बाहेर बोलावून घेतलं. मग म्हणाले, "चाल बराबर हाय तुही. मान चुकली. चार लोकं आपल्याकडे पाहून राह्यले का, हे पाह्यल्याबिगर तो माणूस तोंड उघडत नाही." आणि उठून त्यांनी करून दाखवलं. हनुवटी वर, डोळे डावीकडे, उजवीकडे, मग खाली समोरच्यावर. इतक्या वर्षांत बाबांचं अंग पहिल्यांदा हललं होतं. मी ती मान त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा करवून घेतली.

पुढचा प्रयोग उमरखेडला लावला, मुद्दामच. पुढच्या रांगेत यजमान, शेजारी आत्या, मागे त्यांची कचेरी आणि अख्खी आळी. मी हनुवटी वर केली, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. पहिलं हसू फुटलं ते आत्याला. पदर तोंडावर दाबूनही तिला आवरेना. यजमानांनी हनुवटी वर केली आणि कोण कोण पाहतंय ते डावीकडे-उजवीकडे पाहिलं. मग तर सगळं सभागृहच हसायला लागलं. ते उठले. कायदा सगळ्यांना ठाऊक होता. मला इतका आनंद झाला की माझं पाऊल चुकलं.

दाराशी, शेवटच्या रांगेत बाबा बसले होते. यजमान जवळ येताच ते उठले, दुपट्टा डोक्यावरून घेतला आणि त्याच जुन्या चालीनं, कंबर डोलवत, त्यांना फाटकापर्यंत पोहोचवून आले.