उलटा फिरलेला पट्टा

ही हकीकत मी साठ वर्षं टाळली. बायकोलाही कधी सांगितली नाही. अकोल्याचं कुणी भेटलं आणि फिटरदादांचं नाव निघालं, की मी उठून पाणी प्यायला जात असे. आता ते नाहीत, आणि माझेही फार दिवस उरलेले नाहीत.

यंत्रात वीज खेळते की नाही, हे फिटरदादा बोट लावून पाहायचे. झटका बसला की हात झटकून हसत, "आहे जित्ता!" मला मात्र त्यांच्या खोलीत शिरतानाच घाम फुटे. उघडे व्हॉल्व्ह, लोंबणाऱ्या तारा, तेलाच्या डब्यात बसवलेला अ‍ॅम्प्लिफायर. मी दारातच अंग चोरून उभा राहिलो की ते म्हणत, "भेता कायले, बाबूजी? ईज माणूस वळखते."

ते कापसाच्या जिनात फिटर होते. दिवसभर सरकी काढणाऱ्या रेच्यांचे पट्टे चढवायचे आणि सुटीच्या दिवशी घरी आवाजाच्या मागे लागायचे. स्पीकरचा फाटलेला कागद कणकेच्या खळीने सांधायचे. जयंतीच्या मिरवणुकीत वाजणारा भोंगा त्यांचाच. मी पोस्टात रेडिओ लायसन्सच्या खिडकीवर कारकून होतो. घरी बनवलेल्या रेडिओचं लायसन्स काढायला ते आले, तिथून आमची ओळख. मी थोडंफार गातो हे कळल्यावर त्यांनी मला सोडलंच नाही.

एका व्यापाऱ्याने भंगारात काढलेला टेपरेकॉर्डर त्यांनी जिवंत केला होता. त्यावर पहिला आवाज घेतला तो आईचा, जात्यावरच्या ओव्यांचा. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात म्हातारी गेली. दर रविवारी ते ती रीळ एकदा लावत, डोळे मिटून ऐकत आणि मग कामाला लागत.

पुढे त्यांनी एक डबा तयार केला. टेपवरचा आवाज त्यातून गल्लीतल्या रेडिओंवर उमटे. मी हादरलो. "दादा, हा गुन्हा आहे. माझी नोकरी जाईल."

"पाह्यतो फक्त, भितीतून गानं जाते का नाही. मंग मोडून टाकतो."

तो मोडायचा राहिला आणि चीनची लढाई सुरू झाली. जो तो रेडिओला कान लावून बसलेला. अशा एका रविवारी दुपारी दादांना वाटलं, टेप उलटी फिरवून पाहावी. "जिनात पट्टा तिडा घातला का चाक उलटं फिरते. हेही फिरन." पट्टा तिढा घातला. मागच्या रविवारी टेप केलेलं माझंच भजन शेवटाकडून सुरुवातीकडे धावू लागलं. कुठल्या मुलुखातली भाषा, कळेना! आम्ही पोट धरून हसलो. डबा चालूच राहिला आहे, हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं.

समोरच्या पानठेल्यावर लोक बातम्यांची वाट पाहत होते. अचानक ओरडा झाला, "अबे, चिनी बोलून राह्यला! फिटरच्या घरातून येऊन राह्यला!"

घटकाभरात दारात गर्दी आणि गर्दीपुढे पोलीस जमादार. जमादाराने डबा पाहिला, तारा पाहिल्या आणि विचारलं, "कोनाचा आवाज आहे हा?"

फिटरदादांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. पट्टा सरळ करून मी भजनाची एक ओळ म्हटली असती, तरी गर्दी हसत घरी गेली असती. जमादार माझ्याकडे वळला. "तुमी कोन?"

"पोस्टातून आलोय," मी म्हणालो. "लायसन्स तपासायला."

"मंग? आहे याच्यापाशी?"

"रेडिओचं आहे. या डब्याचं नाही."

दादा हळूच म्हणाले, "साहेब म्हनतात थे खरं आहे." तोवर मी त्यांचा बाबूजी होतो.

सगळं सामान जप्त झालं. तेव्हा मात्र त्यांनी हात जोडले. "मशीन न्या. थे एक रीळ राहू द्या. माह्या मायचा आवाज आहे त्याच्यात." कुणी ऐकलं नाही. तीन आठवड्यांनी ते कोठडीतून सुटले. जिनाने कामावर घेतलं नाही, रीळ परत मिळाली नाही. मी अर्ज करून अमरावतीला बदली घेतली. पुढे कितीतरी महिने दाराची कडी वाजली की मी आधी खिडकीच्या फटीतून पाही.

पाच-सहा वर्षांनी कळलं, ते धामणगावला रेडिओ दुरुस्त करतात. मी गेलो. वाटेत एकच वाक्य घोकत होतो, "दादा, आवाज माझा होता, मला माफ करा."

त्यांनी स्टूल पुसून दिलं, चहा मागवला, लेकरांची चौकशी केली. अकोल्याचा विषय काढला नाही. चहा संपला. त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं आणि ते माझ्याकडे पाहत राहिले.

"दादा..."

"बोला नं."

"अमरावतीची मोटार किती वाजता आहे?"

त्यांनी खाली ठेवलेलं काम पुन्हा उचललं. मग म्हणाले, "साडेपाचले. निंगा आता, चुकन नाही तं."