बाभळीचा दस्ता

अन्याय माझ्या आत्यावर झाला. गेल्या सतरा सप्टेंबरला, आमच्या गावच्या मुक्तिसंग्राम स्मारकात, झेंडावंदन उरकल्यावर आणि बुंदी वाटायच्या आधी. हे आधीच सांगतो, कारण स्मारक समिती म्हणते, कार्यक्रम उत्साहात पार पडला.

स्मारकात काचेच्या पेटीत एक रायफल आहे. थ्री नॉट थ्री, इंग्रजांच्या फौजेतली. रझाकारांनी उच्छाद मांडला तेव्हा ती निजामाच्या सरहद्दीपलीकडच्या, लढणाऱ्यांच्या कॅम्पातून आमच्याकडं आली. आणली माझ्या आज्यानं, आत्याच्या बापानं. मेंढरं घेऊन फिरणाऱ्याला कोण हटकतंय? पुढं मेंढरं, मागं तट्टू, तट्टाच्या पाठीवर घोंगड्यांची वळकटी आणि वळकटीत बंदूक. एका ओढ्यात तट्टू कोसळलं आणि रायफलीचा दस्ता मोडला. दस्ता म्हणजे खांद्याला टेकवायचं मागचं लाकूड. आज्यानं बाभळीचं लाकूड वाकसानं तासून नवा दस्ता बसवला, आणि रायफल पुढं वापरली गेली ती त्याच दस्त्यानिशी. फरशीवर कोरलेल्या नावांत आज्याचं नाव मात्र नाही. तो कॅम्पात भरती नव्हता म्हणे. मेंढरं कुणाकडं ठेवून भरती व्हायचं होतं त्यानं?

आत्याकडं बापाचा फोटोसुद्धा नाही. होता तो हा दस्ता. दसऱ्याला शस्त्रपूजेसाठी पेटी उघडली की ती लाकडावरून हात फिरवायची, वाकसाचे घाव बोटांनी चाचपायची. "बाचा हात जड व्हता," म्हणायची.

त्याच पूजेनं रायफलीची वाट लागली. वर्षानुवर्षं तेल, हळद-कुंकू आणि शेंदूर. नळी पोलिसांनी फार पूर्वीच कायमची बुजवलेली, तिचा प्रश्न नव्हता. पण लोखंड दिसेनासं झालेलं, पुढचं लाकूड वाळवीनं खाल्लेलं, पितळेवर कुणी हौशानं सोनेरी ऑइलपेंट मारलेला. आणि पट्टा कसला, तर शाळेच्या दप्तराचा! मी पत्रक काढलं. गावात वाटलं, अंबडला वाटलं, बदनापूरच्या स्टेशनावर उभं राहून वाटलं. मथळा असा: 'रायफल मूळ रूपात आणा!'

समितीला जाग आली. बदनापूरकडचे एक निवृत्त फौजी बोलावले. पलटणीत त्यांनी शस्त्रदुरुस्तीच केलेली. आम्ही त्यांना फौजी काका म्हणायचो. माणूस कडक. कुठून कुठून ओळखी काढून त्याच काळातले भाग त्यांनी जमवले: पुढचं अक्रोडाचं लाकूड, पितळी पट्टी, जाड कापडी पट्टा. आधी आलेला एक पट्टा तर त्यांनी माघारी धाडला. "बक्कल नंतरचं हाय," म्हणाले, "चालणार न्हाई." उन्हाळाभर मी त्यांच्या हाताखाली चिंध्या आणि रॉकेल घेऊन शेंदूर काढत बसलो. शेंदराखालून लोखंडावरच्या शिक्क्यातला मुकुट वर आला त्या दिवशी मला खरंच भरून आलं. कशाला खोटं बोलू?

मग काका दस्त्यापाशी आले.

"ह्यो काढावा लागंल. कारखान्यातून आला तवा अक्रोडाचा व्हता."

"काका, पण हा त्याच काळातला हाय."

"काळ बराबर हाय, भाग चूक हाय. जुगाड हाय ह्यो."

"जुगाड केला नसता तर रायफल ओढ्यातच राह्यली असती."

शेजारी समितीचे अध्यक्ष खुर्ची टाकून बसले होते. ते हसले आणि खिशातून माझंच पत्रक काढलं. "मूळ रूपात आणा, हे कोणी छापलं बाबा? आम्ही तर तुझंच ऐकून राह्यलो."

माझं डोकंच सणकलं. मूळ म्हणजे काय? विलायतेच्या कारखान्यातून निघाली तेव्हाची की इथं लढली तेव्हाची? इंग्रजाच्या हातातली रायफल बघायची असेल तर तिला या स्मारकात ठेवायचं कारण काय? ही सरळ गोष्ट मी दोघांना समजावत राहिलो. अध्यक्ष म्हणाले, बघू. आमच्याकडं 'बघू' म्हणजे ठरलं.

घनसावंगीला पाण्यासाठी आमचं धरणं चालू होतं, तिथून मी सतरा तारखेला सकाळीच गावात पोचलो. स्मारकात गर्दी. पेटी उघडी, रायफल चकचकीत. आत्या नवं लुगडं नेसून आली होती, पुढं उभी. तिनं नेहमीसारखा हात घातला. हात दस्त्यावर फिरला, थांबला, पुन्हा फिरला. गुळगुळीत अक्रोड.

"ही आमची न्हाई," ती म्हणाली.

"आत्याबाई, आता तर खरी झाली की!" अध्यक्ष म्हणाले. "आधी नकली व्हती!"

लोक हसले. काही वाईट मनानं हसले नाहीत, बुंदीची वाट बघत होते, हसू आलं, हसले. आत्यानं हात काढून पदराखाली घेतला. "मंग माझा बा बी नकलीच व्हता का?" असं ती हळूच म्हणाली. मला ऐकू गेलं, अध्यक्षांनाही गेलं. ते बुंदीच्या पातेल्याकडं वळले.

फौजी काका मात्र हसले नाहीत. ते मला मागच्या खोलीत घेऊन गेले. बाभळीचा दस्ता तिथं झाडूंच्या मागं उभा होता. "फेकू दिला न्हाई मी," म्हणाले. मी म्हणालो, आत्ताच्या आत्ता परत बसवा. त्यांनी मान हलवली. रायफल समितीची, हुकूम समितीचा. फौजेत राहून हेच शिकलेत.

आत्या तेव्हापासून स्मारकात गेलेली नाही. दसऱ्यालाही नाही. अध्यक्षांकडं मी जाऊन जाऊन थकलो. दस्ता परत बसवायचा तर म्हणे ग्रामसभेचा ठराव पाहिजे. काढताना कोणता ठराव होता? तर म्हणे ती दुरुस्ती होती! दस्ता आत्यालाच देऊन टाका म्हणालो, तर म्हणे ती स्मारकाची मालमत्ता. झाडूंच्या मागं ठेवायची मालमत्ता!

आता तुम्हाला सांगतो. आमच्या गावचे असाल तर पुढच्या ग्रामसभेला या आणि बाभळीच्या दस्त्यासाठी हात वर करा, त्या दिवशी हसला असाल तर आधी या. गावचे नसाल तरी स्मारक सगळ्यांना उघडं आहे. या, पेटीसमोर उभे राहा आणि अध्यक्षांना तोंडावर विचारा: मेंढक्यानं बसवलेला दस्ता कुठंय? उत्तर मिळेपर्यंत हलू नका.